चिंचेकडचा गोल

वाशी,
२० मे १९४९

प्रिय शरिफा,

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच गोल गरगरीत, आणि वेलांटी विसरायची खोडही तशीच. बाळबोधी लिपी मीच शिकवली तुला, तेव्हा दोष कुणाला देऊ? ह्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि काही न विचारता परसात निघून गेले. तुझ्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी अडले. तिचं उत्तर शेवटी देते, आधी मला पोटभर बोलू दे.

त्या फुटबॉलच्या सामन्याचा विषय तूच काढलास. कॉलेजच्या परीक्षा संपल्या की आपल्या जिल्ह्यातली पोरं मे महिन्यात धाराशिवला जमायची. निजामाच्या हैदराबादेत शिकणारी एका बाजूला, हद्दीपलीकडं इंग्रजांच्या सोलापुरात शिकणारी दुसऱ्या बाजूला. चार वर्षांत दोनदा हे जिंकले, दोनदा ते. उन्नीस-बीसचाही फरक नव्हता. पाचव्या वर्षी कोण जिंकणार म्हणून गावाला घोर लागला होता आणि मला भलताच. आपल्याच जिल्ह्यातल्या ह्या वाशीच्या शिवशरणचं स्थळ मला सांगून आलं होतं, आणि तो सोलापूरच्या बाजूनं गोलात उभा राहणार होता.

आमच्या शांतम्माक्काचं तुला ठाऊकच आहे. वर्षभर मार खाऊन ती माहेरी आली, ती कायमची. म्हणून माझ्या वेळी अव्वानं जन्मात पहिल्यांदा अप्पांपुढं आवाज चढवला, “ह्या बारीला पोरीला इचारल्याबिगर सुपारी फुटायची न्हाय.” अप्पा कधी नव्हे ते कबूल झाले. गावातल्या मठात उतरलेले पाहुणे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीला निघणार होते, त्याच्या आत मी हो की नाही ते सांगायचं. पण सांगू कशावरून? बघायच्या कार्यक्रमात मी खाली मान घालून बसलेली. मला दिसले ते त्यांच्या पायाचे दोन अंगठे. अंगठे बघून कुणी जन्म काढतं का?

तेव्हा तू धावून आलीस. तुमच्या पडदा लावलेल्या गाडीत लिंगायताची पोर बसली असेल असं कुणाच्या मनातही येणार नाही, ही अक्कल तुझीच. तुझ्या आईनं, मदिनाबी चाचींनी, अव्वाला सांगितलं की पोरींना दर्ग्याला नेऊन आणते. आणि तोंडातून खोटं जायला नको म्हणून चाची आपल्याला आधी खरोखरच दर्ग्याला घेऊन गेल्या! तिथं त्यांची दुवा काही संपेना, आणि इकडं माझा जीव टांगणीला. मैदानावर पोचलो तर निम्मा खेळ उरकलेला, पोरं लिंबं चोखत बसलेली. सगळ्यांचे सदरे पांढरे. पण तुझा भाऊ चाँदपाशा सकाळीच सांगून गेला होता, “चिंचंकडच्या गोलात जो हुबा ऱ्हाईल, त्योच शिवशरण.”

खेळ पुन्हा सुरू झाला आणि तू मला कोपरानं ढोसलंस, “बघ गं, लई देखणा हाय तुझा नवरा!” होताच देखणा. उंच, गोरा, चेंडू असा अडवायचा की लोक ओरडायचे. मधूनच आपल्याच गड्यांवर खेकसायचा, ते मला तेव्हा मर्दानी वाटलं. आणि दुसरा, विहिरीकडचा, बुटका, सावळा. त्याच्या दोन्ही हातांतून चेंडू निसटला आणि गोल झाला. आधी एक-एक अशी बरोबरी होती, त्या एका गोलावर सामना गेला. त्यानं हात वर केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, “चूक माझी! माझी चूक!” मग डोळे पुसत पुन्हा गोलात उभा राहिला. आपण पोट धरधरून हसलो. मी म्हटलं, देवा, ह्या रडक्याशी लग्न करणारी कोण ती अभागी? चाचींनी माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

आता इकडचं सांगते. धाकट्याला गोवर येऊन गेला, आता बरा आहे, पण हट्टी झालाय. गेल्या वर्षी पोलीस ॲक्शनच्या दिवसांत तुमचं धाराशिवचं घर सोडून तुम्हाला हैदराबाद गाठावं लागलं, ते आठवलं की अजून घास गोड लागत नाही. हे महिन्यातून एकदा धाराशिवला जातात, तुमचं दार उघडून झाडलोट करून येतात. परवा म्हणाले, मागच्या भिंतीला ओल आलीय, पावसाच्या आत छपराच्या खापऱ्या बदलून घेतो. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं तेच म्हणाले.

आता त्या ओळीचं. तू लिहिलंस, सामन्याच्या दिवशी चाँदपाशा घरी आला आणि म्हणाला की मध्यंतरानंतर दोन्ही बाजू आपापले गोल बदलतात. म्हणजे आपण बघितला तो शिवशरण नव्हताच. सकाळी तू पळत आमच्याकडं आलीस तोवर माझा होकार गेला होता, दारात पाहुण्यांची गाडी जुंपलेली होती. सहा वर्षं हे मनात ठेवून कुढलीस, आणि आता माफी मागतेस. अगं वेडे, मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. जेवताना अप्पा वैतागून म्हणाले, “आपला पावना पाठच्या डावाला हिरीकडच्या गोलात हुता. चेंडू सोडला तर सोडला, वर बोंबलतोय, चूक माझी म्हणून! गप बसावं की मानसानं.” खरं सांगते, आधी रडूच आलं. मग अप्पांकडं बघितलं. भाकरी करपली तर अव्वाची चूक, पाऊस लांबला तरी अव्वाची चूक. शांतम्माक्काच्या नवऱ्यानं मारलं तीही तिचीच चूक. आमच्या घरात कुठल्याही पुरुषाच्या तोंडून ते दोन शब्द मी कधी ऐकले नव्हते, आणि हा माणूस ते भरल्या मैदानात ओरडून सांगत होता. सकाळी अव्वानं विचारलं तेव्हा मी पूर्ण समजून हो म्हटलं. हाच तुझा नवरा असं तू आधी दाखवलं असतंस, तर मी नाकडोळे बघत बसले असते. चूक तुझी झाली, शरिफा, ती नाही म्हणत नाही. पण तिच्यामुळंच मी ह्यांना परका माणूस म्हणून बघितलं, मनसोक्त हसले आणि मग निवडलं. आपल्यातल्या किती जणींना निवडायला मिळतं? मला मिळालं, ते तू दिलंस. माफी तुझ्याजवळच ठेव, आणि भिंतीची ओल निघाली की घरी ये.

तुझ्या उपकारात सुखानं राहणारी,
तुझीच
महानंदा