शिट्टी जमा करून घेण्याबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
शहर बससेवा, उत्तर आगार.

विषय : येत्या रविवारी महाविद्यालयीन मुलींच्या फुटबॉलचा अंतिम सामना पाहण्यासाठी एक दिवसाची रजा मिळणे, तसेच त्या दिवसापुरती माझी शिट्टी कार्यालयात जमा करून घेणे.

संदर्भ : फळ्यावर लागलेले रविवारचे ड्युटीवाटप.

महोदय,

हा अर्ज मी पहिली गाडी सुटण्याआधी वाहकांच्या विश्रांतिगृहात बसून लिहीत आहे. पूर्वेकडच्या खिडकीची काच बरेच दिवस पुसलेली नाही, त्यामुळे सकाळचा उजेड आत येतो तो थोडा मळकट, थोडा पातळ होऊन. आधी तो खुंट्यांवर टांगलेल्या गणवेशांच्या खांद्यांवर थांबतो, मग सावकाश बाकावर उतरतो. बाहेर ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचा, तपासनीस एकेक तिकीट पाहत यावा तशा, एकामागून एक उजळत जातात. या उजेडात विशेष काही नाही, रोजचाच आहे. परंतु हल्ली तो तोंडावर पडला की मला मान फिरवावीशी वाटते. कारण खाली नमूद करीत आहे.

माझी धाकटी बहीण महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळते. गेल्या रविवारी उपांत्य सामना होता. मी सकाळपाळी संपवून गणवेशातच मैदानावर पोहोचलो. उत्तरार्धात चेंडू तिच्या पायाशी आला; समोर एकटी गोलरक्षक. आजूबाजूचे सगळे तिच्या नावाने ओरडत होते. गर्दीत माझा आवाज फुटत नाही, हे आपण जाणताच. ‘पुढे सरका’ म्हणण्याऐवजी मी प्रवाशांच्या खांद्याला बोट लावतो, अशी लेखी तक्रार आपल्याकडे आलेली आहे. मला तिला फक्त ‘जा’ म्हणायचे होते. हात खिशात गेला आणि मी दोनदा शिट्टी वाजवली.

आपल्या गाड्यांवर दोन शिट्ट्या म्हणजे ‘चला’. मैदानावर तसे नसते. पंचांनी खेळ थांबवला असे समजून ती चेंडूवर पाय ठेवून जागीच उभी राहिली. विरुद्ध संघातील मुलीने तो अलगद काढून नेला आणि दुसऱ्या टोकाला गोल झाला. शिट्टी आपली नव्हे, असे पंच हातवारे करून सांगत होते. तेव्हा सगळे मैदान मागे वळून गणवेशातल्या माणसाकडे पाहू लागले. त्यात तीही होती. पुढे तिचा संघ पेनल्टीवर जिंकला, म्हणून अंतिम सामना तरी आहे.

येथे नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो की, गाड्यांमधील घंटीच्या दोऱ्या तुटल्यामुळेच वाहकांना शिट्ट्या देण्यात आल्या. दोऱ्या बसवण्याविषयी मी पूर्वी अर्ज केला होता. त्या वेळेवर बसल्या असत्या, तर माझ्या खिशात शिट्टी नसती. घंटीची दोरी कोणी मैदानावर नेत नाही. दोष कार्यालयावर ढकलण्याचा हेतू नाही. तरीही तो वाक्यात उतरलाच आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आता आगारात मला सगळे ‘रेफरी’ म्हणतात. माझ्या गाडीचे चालककाका प्रत्येक थांब्यावर मान वळवून विचारतात, “काय रेफरी, सोडू का गाडी? की फाउल आहे?” प्रवासी हसतात. मी तिकिटे फाडत राहतो. बहीण मात्र त्या दिवशी घरी आल्यावर बुटांच्या नाड्या सोडता सोडता एवढेच म्हणाली, “जाऊ दे रे दादा, जिंकलो ना.” ती रागावली असती तर मला झोप लागली असती.

म्हणून रविवारच्या जाण्याची आखणी मी फार काळजीने केली आहे. ती अडचणी सांगते, मी त्या दूर करतो. “ऊन फार असतं तिथे,” म्हणाली, तर मी मोठी छत्री काढून ठेवली. “मागून काही दिसत नाही,” म्हणाली, तर सुट्टीच्या दिवशी जाऊन मी रांगेरांगेत बसून पाहिले. पहारेकऱ्याने हटकले, तरी पाहिले. उत्तरेकडच्या दाराशी कठडा आहे. वडिलांचा गुडघा दुखरा असला तरी तेथे पायऱ्या न चढता बसता येते. आई उशी घेणार आहे. वडील रोज विचारतात, “अरे, कितीला निघायचं ते नक्की सांग, मी दाढी करून बसतो.” परवा जेवताना बहीण म्हणाली, “दादा, रविवारी तुझी ड्युटी असेलच ना?” फळ्यावर पाहिले, तर खरोखरच आहे, तीही दिवसभराची. सबब हा अर्ज.

रजेसोबत पुढील विनंत्या आहेत :

१. शनिवारची पाळी संपताच माझी शिट्टी जमा करून घ्यावी व सोमवारपर्यंत मी गयावया केली तरी परत देऊ नये.

२. ती जमा असल्याचे आपल्या सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र द्यावे, म्हणजे बहिणीला दाखवता येईल.

३. चालककाकांनाही रजा देऊन माझ्यासोबत पाठवावे; त्यांनी सामनाभर माझे दोन्ही हात धरून ठेवावेत. त्यांची संमती घेतली आहे. “धरीन, पण आपल्या पोरीने गोल मारला की सोडीन,” एवढीच त्यांची अट आहे.

एवढे लिहून मी पेन खाली ठेवले आणि ते प्रमाणपत्र तिला कसे दाखवायचे, याची मनात तालीम केली. ती ते वाचते, नीट घडी घालून परत देते आणि विचारते, “पण तुझी ड्युटी असेलच ना?” पुन्हा तालीम केली. मनातल्या मनातसुद्धा मला तिच्या तोंडून दुसरे वाक्य काढता आले नाही.

तरी वरील विषय व सर्व विनंत्या खोडलेल्या समजाव्यात. मला रजा देऊ नये. रविवारी मैदानावरून जाणारी दुपारची गाडी मात्र कृपया मला द्यावी. आई-वडिलांना मी उत्तरेकडच्या दाराशी हात धरून उतरवीन आणि गाडी पुढे नेईन. रजा नामंजूर झाली, असे मी घरी सांगेन. कोणी विचारल्यास आपणही तसेच सांगावे.

ती ड्युटीची चौकशी काळजीपोटी करते, असे मी धरून चाललो होतो. तसे नाही. मी सामन्याला येणे तिला नको आहे.

आपल्या निर्णयाधीन,
नम्र
(सही)
वाहक, सकाळपाळी
दिनांक : गुरुवार