दस्त्याच्या पाटीचे दोन स्क्रू उघडून मिळण्याबाबत

प्रति,
मा. शाखाप्रमुख,
शस्त्र नोंदणी शाखा,
कँटन पोलीस मुख्यालय.

अर्जदार : उएली त्सुरफ्लू, वय ७४, निवृत्त चीजवाला, मु. हिंटरमाटन.

विषय : माझ्या वडिलांची १९३१ नमुन्याची लष्करी कार्बाइन, क्र. ८६३४१७, वितळवण्यास पाठवण्यापूर्वी तिच्या दस्त्यामागील पोलादी पाटीचे स्क्रू (नग दोन) काढून देणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज.
२) आपले दि. २ जूनचे एका ओळीचे उत्तर : "मागणी नियमात बसत नाही."

महोदय,

वरील विषयी पाचव्यांदा विनंती करण्यात येते की,

१. मी गेली एक्केचाळीस वर्षे जुन्या लष्करी बंदुका जमवतो. जमवतो म्हणजे लाकूड घासून, रोगण लावून भिंतीवर टांगणाऱ्यांतला मी नव्हे. त्या लोकांचे हात बांधून ठेवावेत असे माझे प्रामाणिक मत आहे. मी बंदूक ओळखतो. नळीवरचा नंबर, गोळी नळीत सारणाऱ्या बोल्टवरचे शेवटचे तीन आकडे, अक्रोडाचे लाकूड की बीचचे, बुटांना चिकटलेला बर्फ ठोकून काढताना दस्त्याचे टोक किती झिजले आहे, हे पाहून ती कोणत्या वर्षीची आणि कोणाच्या हातून गेलेली हे सांगतो. आजवर अडतीस बंदुका घेतल्या. खरे तर मला एकच हवी होती.

२. ती माझे वडील कै. गॉटफ्रीड यांची. झाड तोडताना त्यांचा खांदा निखळला, घरी बंदूक ठेवणाऱ्या शिपायाला दरवर्षी सक्तीची असलेली नेमबाजी चुकली, आणि १९६८ साली ती शस्त्रागारात जमा करावी लागली. त्यांच्या सैनिक पुस्तिकेत नंबर आहे. तो खिशात घेऊन मी बाजार पालथे घातले. यंदा जानेवारीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या टेबलावर ती मिळाली. नंबर, बोल्ट, सगळे जुळत होते. मी तिथेच खुर्ची मागून बसलो.

३. आपणांस ठाऊकच आहे की आपल्याकडे शिपाई स्वतःच्या नावागावाची चिठ्ठी दस्त्याच्या पाटीखाली ठेवत, म्हणजे छावणीत शंभर सारख्या बंदुकांतून आपली कोणती ते कळावे. वडिलांचे अक्षर कोंबडीच्या पायांचे. म्हणून १९४७ च्या शरदात ही चिठ्ठी माझ्या आईने, श्रीमती लिडिया यांनी, लिहिली. त्या आठवड्यात वडिलांनी तिला न विचारता फ्लोरा नावाची गाय विकली होती, भांडण झाले होते, आणि वडिलांनी अबोला धरला होता. आईने पुढच्या बाजूला नावगाव लिहिले आणि मागे लिहिले : "गाय गेली तर गेली. पण माझ्याशी बोलणं का टाकलंस?"

वडील शिबिराहून परतले ते बोलतच आले. चिठ्ठीचा विषय बत्तीस वर्षांत दोघांपैकी कोणी काढला नाही. १९७९ साली इस्पितळात, जाण्याच्या आदल्या दिवशी, ते म्हणाले, "लिडी, तुझ्या चिठ्ठीला मी उत्तर लिहिलंय गं. तिथंच, खाली." तोवर बंदूक जाऊन अकरा वर्षे झाली होती.

४. बंदूक घरी आणली तेव्हा पेचकस माझ्या हातात होता. आई म्हणाली, "आधी नोंदणी करून ये. सरकारी काम राहिलंय आणि आपण उघडून बसलोय, बरं दिसतं का ते? रविवारी बटाट्याची रोश्टी खाऊन निवांत उघडू." खरेदी कराराची प्रत टपालाने पाठवली असती तरी भागले असते. पण आईचा आग्रह की बंदूक प्रत्यक्ष दाखवून नंबर पडताळून घे. मी तसे केले. या गाढवपणाबद्दल मी दुसऱ्या कोणाला दोष देत नाही.

५. आपल्या भांडारातले श्री. वेफ्लर यांनी पडताळणीसाठी बंदूक ठेवून घेतली आणि नियमाप्रमाणे बोल्ट काढून वेगळ्या कपाटात ठेवला. तिथे सगळ्यांचे बोल्ट एका ट्रेमध्ये, धुऊनपुसून, चमच्यांसारखे ओळीने लावलेले असतात. परत देताना त्यांनी त्यातला एक उचलून बसवला. मी खिडकीपाशीच आकडे वाचले : ४१७ ऐवजी ०९६. मी सांगितल्यावर श्री. वेफ्लर म्हणाले, "अहो काका, बसतोय की मस्त! गोळी सुटल्याशी कारण." मी म्हणालो, "दुसऱ्याची कवळी तुमच्या तोंडात बसली तर घालाल का?" हे मी बोलायला नको होते. त्यांनी लगेच नियमांचे पुस्तक काढले, आणि नंबर जुळत नसल्याने ही बंदूक "अज्ञात भागांपासून जोडलेली" ठरवून जप्त केली.

यापुढे क्रमांक घालण्याचा मला कंटाळा आला आहे, क्षमस्व.

महोदय, कपाटातून माझा बोल्ट शोधा म्हटले, तर उत्तर आले की कपाट फक्त नंबर जुळणाऱ्या शस्त्रासाठी उघडता येते. नंबर जुळायला बोल्ट हवा, आणि बोल्ट कपाटात! मग बंदूक वडिलांचीच असल्याचा पुरावा मागितला. मी म्हणालो, पुरावा पाटीखाली आहे, दोन स्क्रू काढा. तर म्हणे ताब्यातील शस्त्राचा कोणताही भाग सुटा करता येत नाही. अहो, मग बोल्ट काय वाऱ्याने सुटा झाला? श्री. वेफ्लर हसून म्हणाले, "पाटीखाली काय सोनं दडवलंय का, काका?" आईची गोष्ट त्या खिडकीत, रांगेतल्या लोकांसमोर सांगणे मला जमले नाही. म्हणून आज लिहीत आहे.

माझी आई अठ्ठ्याण्णव वर्षांची आहे. एका डोळ्याने अजून वाचते, मोठे भिंग लागते. शेहेचाळीस वर्षे ती त्या उत्तराची वाट पाहत आहे आणि आपल्या यादीप्रमाणे ही बंदूक २० जूनला भट्टीत जाणार आहे. मला रात्रंदिवस दुसरे काही सुचत नाही.

सबब, मी खालीलप्रमाणे लिहून देतो. बंदूक सरकारने ठेवावी. बोल्ट कोणाचाही बसवावा. वितळवा, खिळे करा, माझी हरकत नाही. एक्केचाळीस वर्षांत जुळणारा नंबर मी आपण होऊन सोडल्याची ही पहिलीच वेळ. मला फक्त पाटीखालचा कागद द्यावा.

गुरुवार दि. १२ जून रोजी सकाळी दहा वाजता मी आईला घेऊन आपल्या खिडकीवर येत आहे. आपणांसाठी तिचा निरोप जसाच्या तसा देतो : "साहेबांना म्हणावं, स्क्रू तुम्हीच काढा, आमचा हात लागणार नाही, तुमचा नियम राहील. चिठ्ठी माझ्या हातात द्या. आणि मी वाचेपर्यंत जरा तिकडे तोंड करून उभे राहा."

कळावे, आणि या वेळी खरोखरच कळावे.

आपला नम्र,
(सही)
उएली त्सुरफ्लू
हिंटरमाटन, दि. ६ जून २०२५

सोबत :
१) सैनिक पुस्तिकेच्या पानाची प्रत.
२) खरेदी कराराची प्रत.
३) हक्क सोडल्याचे पत्र, सहीसह.
४) पेचकस, एक नग. वडिलांचा आहे, काम झाल्यावर परत मिळावा.