माझं मलम आणि मालिनीबाईंची सुई

३ मार्च १९६२, फ्रँकफुर्ट
संशोधन सुरू. इथल्या अमेरिकन लष्करी तळावरच्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या बायकांचे केस माथ्यावरून झडतात, खालची कातडी व्रण भरल्यासारखी गुळगुळीत होते. प्रोफेसरांना दोन उपचारांची तुलना हवीय. एक माझं डांबराचं मलम, जोरदार मालिशसकट. दुसरी मालिनीबाईंची कॉर्टिझोनची इंजेक्शनं. बाई पुण्याच्या. परदेशात आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं म्हणे. मला वाटलं नाही.

१७ मार्च
माझ्या पेशंट मिसेस बेट्स. मालिश करताना म्हणाल्या, आग होतेय. म्हटलं, आग म्हणजे गुण. कुणी सांगितलं, असं त्यांनी मलाच विचारलं! उद्धट बाई.
मालिनीबाई पेशंटशी गप्पा मारत बसतात. केस सरळ कशाने करता, कधीपासून दुखतं? हे शास्त्र की हळदीकुंकू?

९ एप्रिल
मालिनीबाई दारात उभ्या. "अहो दिनकरराव, तुमच्या पेशंटना केस सरळ करायची ती तापवलेली फणी बंद करायला सांगा. कातडी भाजते."
पेशंटना मुद्दाम सांगितलं नाही. संकल्प : या बाईचा एकही सल्ला ऐकायचा नाही.

१४ मे
बाकीच्या पेशंट मालिनीबाईंकडे गेल्या. चंचल स्वभाव. उरल्या मिसेस बेट्स. बरंच झालं, एकाग्रता साधेल. त्यांच्या टकलाचा घेर वाढलाय. केस उगवण्याआधी जागा मोकळी होत असावी.

२ जून
प्रोफेसर मिसेस बेट्सच्या डोक्याचे फोटो बघून "आल्झो..." म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग...', आणि फोटो पालथे ठेवले. भारावले असावेत.

२० जून, दुपार
मिसेस बेट्स मालिनीबाईंच्या खोलीबाहेर! जाब विचारला.
त्या म्हणाल्या, "गेलेले केस येणार नाहीत, हे या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. उरलेले वाचतील. त्या फणीचं तुम्हाला माहीत होतं ना?"
म्हटलं, मध्येच सांगितलं असतं तर तुलना बिघडली असती.
"डोकं माझं होतं, डॉक्टर." त्यांनी डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला.
मलमाचं काय केलंत, विचारलं. नवऱ्याच्या बुटांना लावतात. छान चमकतात म्हणे.

२५ जून
प्रोफेसरांचं बोलावणं. अभिनंदनाच्या तयारीने टाय बांधून गेलो. म्हणाले, यापुढे पेशंटना हात लावायचा नाही.
बाहेर पडताना मालिनीबाईंनी दार धरलं. काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.