कोणाशिवाय

आई, ‘आज मला गमत नाही गं,’ असं तू एकदा कणीक मळता मळता म्हणाली होतीस. बाबा मकरपुऱ्याला कारखान्यात गेलेले आणि आपण दोघीच बडोद्यातल्या गोत्रीच्या घरी, स्वयंपाकघरात. मी गुजराती शाळेत दुसरीत. शाळेत ‘नथी गमतुं’ म्हणजे आवडत नाही, एवढंच मला ठाऊक. म्हणून मी विचारते, ‘काय गमत नाही? भाजी?’ तू हसतेस, पिठाच्या हातानं माझं नाक ओढतेस. तुला बडोदं आवडत नाही, कदाचित आम्हीही नाही, असं मी तेव्हा धरून चालले. तू गेल्यावरही तेच खरं मानत राहिले.

आता मी म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणाचा अभ्यास करते. या वेळी गोत्रीतले आजी-आजोबा नुसती उत्तरं देत नाहीत. प्रश्न तेच ठरवतात आणि सोसायट्यांमध्ये विचारायलाही तेच जाणार आहेत. ‘तुम्हाला एकाकी वाटतं का?’ हा माझा प्रश्न रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी पहिल्याच बैठकीत उडवला. ‘सून शेजारी चहा गाळत असताना हो कोण म्हणेल?’

त्यांच्या बाजूला बसलेल्या गुजराती बेन म्हणाल्या, ‘सीधुं पूछो ने, गमे छे?’

‘पण काय गमे छे?’ मी विचारलं.

काका खो खो हसले. ‘काय गमे छे, असं नसतं गं बाई! आमच्या अकोल्याकडंही म्हणतात, गमत नाही. म्हणजे करमत नाही.’

तू अकोल्याची. मी पाणी प्यायला उठले.

परत आले तोवर बेननी पुढचा प्रश्न तयार ठेवला होता. ‘ना पाडे तो पूछवानुं, कोना वगर?’ नाही म्हणाले तर विचारायचं, कोणाशिवाय करमत नाही? काका म्हणाले, ‘हे जरा जास्तच होतंय, बेन.’ दोघांची त्यावर बराच वेळ जुंपली. प्रश्न यादीत राहिला.

तेव्हापासून मी तुझ्या ‘कोणाशिवाय’साठी माणसं शोधते आहे. आजी? एखादी मैत्रीण? की असं कुणी, ज्याच्याबद्दल घरात कधी बोलणंच झालं नाही? गंमत म्हणजे, ते माणूस माझ्या ओळखीचं नसावं असंच मला वाटतं. माझ्या आधीही तुझं काही होतं, याचा आनंद होतोय आणि थोडा हेवाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तू सांगणार नाहीस, हेही माहीत आहे. तरी नाव नको, एवढंच सांग: ते माणूस हसायचं कसं?