समाज-सहभाग कक्ष आणि आमची गच्ची

३ ऑगस्ट
कॉलेजच्या समाज-सहभाग कक्षाचा समन्वयक झालो. काम सोपं. प्राध्यापकांनी पुस्तकाबाहेर पडून आजूबाजूच्या लोकांत जाऊन शिकवावं, म्हणून त्यांना मदत करायची. खोली जिन्याखाली. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून नेतृत्व बसूनच करणार. प्राचार्य म्हणाले, टर्म संपेपर्यंत एक तरी प्राध्यापक तयार करा, नाहीतर खोली परत झाडू-बादल्यांना. एक? मी दहा धरून चाललोय.

५ ऑगस्ट
सगळ्या प्राध्यापकांना ईमेल. सोबत नऊ पानी मार्गदर्शिका.

९ ऑगस्ट
एकही उत्तर नाही. मन लावून वाचत असणार.

१२ ऑगस्ट
वर्कशॉप घेतलं. दोघं आले. एक सर झेरॉक्सची खोली समजून आले होते, ते लगेच गेले. उरल्या संख्याशास्त्राच्या मॅडम. त्यांच्यासाठी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: समाजाला काय हवं ते आपण ठरवू नये, त्याला विचारावं. लिहिल्यावर माझाच मला अभिमान वाटला.
घरी येताना तळमजल्यावरच्या काकांनी जिन्यात अडवलं. गच्चीचं कुलूप काढा म्हणाले. बिल्डिंगचा सेक्रेटरी मी, शिस्त म्हणून कुलूप मीच लावलंय. लोकांना स्वतःला काय हवंय ते कळतच नाही.

१३ ऑगस्ट
संकल्प: ऐकण्याचा सराव घरापासून. रात्री जेवताना ही काहीतरी सांगत होती. मी शेवटपर्यंत मान डोलावली. बहुतेक कपड्यांचं काहीतरी होतं.

२० ऑगस्ट
मॅडम तयार झाल्या. त्यांचे विद्यार्थी कॉलेजमागच्या बिल्डिंगचा सर्व्हे करणार. म्हणजे आमचीच. म्हटलं, जरूर करा, आदर्श कारभार कसा असतो ते मुलांना दिसेल. मॅडमनी हे लिहून घेतलं.

२७ ऑगस्ट
मुलं घरोघरी जाऊन आली. मी कक्षात प्राध्यापकांची वाट बघत होतो, त्यामुळे आमच्याकडे हिनेच उत्तरं दिली. ही म्हणाली, गुणी मुलं आहेत, तासभर बसली. काय विचारलं म्हटलं, तर म्हणाली, विचारलं हेच पुष्कळ. ही कधी कधी फार तुटक बोलते.

१० सप्टेंबर
मॅडमना निकाल विचारला. आत्ता सांगता येणार नाही म्हणाल्या, पण इतकं एकमत त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. प्रेझेंटेशनसाठी नवा शर्ट घेतला.

२४ सप्टेंबर
प्रेझेंटेशन झालं. प्राचार्य पहिल्या रांगेत, मागे अख्खी बिल्डिंग. चोवीसपैकी चोवीस घरांना दोन गोष्टी हव्यात: गच्ची उघडी आणि सेक्रेटरी दुसरा. चोवीस म्हणजे आमचं घर धरून.
प्राचार्य माझी पाठ थोपटत म्हणाले, लोकांना इतकं मोकळं बोलतं करणं येऱ्यागबाळ्याचं काम नाही, कक्ष चालू ठेवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
घरी येताना हिच्या चार पावलं पुढे चाललो. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. ती म्हणाली, अहो, दोन वर्षं ओले कपडे स्वयंपाकघरात वाळत घालतेय, किती वेळा सांगितलं तुम्हाला. मला तर काही आठवत नाही. सांगण्याची पद्धत चुकली असेल.

१ ऑक्टोबर
बिल्डिंगची मीटिंग. नवी सेक्रेटरी एकमताने निवडली. ही. म्हणजे पद घरातच राहिलं. एका अर्थी माझ्याच कारभाराला मिळालेली ही पावती.

८ ऑक्टोबर
आज पाच प्राध्यापक घरी आले. पाच. शेवटी मार्गदर्शिका वाचली म्हणायची. नवा शर्ट चढवून दार उघडलं. ते हिला भेटायला आले होते. सर्व्हेच्या वेळी घरोघरी कसं बोलायचं ते मुलांना हिनेच शिकवलं, असं मॅडमनी त्यांना सांगितलं होतं म्हणे.
लोकांकडे जाऊन सुरुवात कुठून करायची, मुलांना काय विचारायला लावायचं, कुणी दार लावून घेतलं तर काय करायचं, सगळं त्यांनी हिला विचारलं. ही सांगत होती आणि पाचही जण लिहून घेत होते. मी मधे एकदा माझं फळ्यावरचं वाक्य सांगितलं. हिने चहाचं बघा म्हणून सांगितलं.
चहा केला. बरा झाला होता. इतिहासाच्या बाईंनी कप घेताना विचारलं, आपण काय करता? म्हटलं, प्राध्यापकांना मदत करतो. छान म्हणाल्या, आणि बाकीच्यांचे रिकामे कप गोळा करून माझ्या हातात दिले.