आधी कॉम्प्युटर, मग चँडलर

रविवार, १८ सप्टेंबर २००५. नोव्हाय, मिशिगन.

आश्लेषाने वाढदिवसाची भेट म्हणून वेबकॅम पाठवला. वाढदिवस मंगळवारी होऊन गेला, पार्सल काल आलं. दोष पोस्टाचा, तिचा नाही. सोबत चिठ्ठी: आता दर रविवारी मी तुला दिसेन आणि तू मला. चौदा वर्षांची मुलगी आपणहून बापाचं तोंड बघायचं म्हणते. उद्या ऑफिसात ही गोष्ट सांगावी. सहज विषय निघाला तर. किंवा काढावा.

लावून पाहिला. कॉम्प्युटरने ओळख दाखवली नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलंय, नवीन विंडोज लागेल. नवीन विंडोजला जास्त मेमरी लागेल. आमचा डेस्कटॉप १९९८चा, आश्लेषा दुसरीत असताना घेतलेला. तिने माउसने काढलेली फुलपाखरं अजून त्यात आहेत.

तेव्हा प्रश्न असा: जुनाच अपग्रेड करावा की नवीन घ्यावा? पुढच्या रविवारपर्यंत निकाल लावतोच. फोनवर तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, ओके बाबा, जस्ट डोंट मेक अ स्प्रेडशीट. दोघंही हसलो.

स्प्रेडशीट सुरू केली.

बुधवार, २१ सप्टेंबर

ऑफिसात पत्रक आलं. गाड्यांचा खप बसलाय, त्यामुळे सीटचे सांगाडे बनवणारे आम्हीही बसलोय. जे आपणहून नोकरी सोडतील त्यांना चांगलं पॅकेज. फॉर्म १८ नोव्हेंबरपर्यंत द्यायचा.

सुनेत्राला फोन केला. जूनपासून ती ॲरिझोनात, चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे, आश्लेषाही आईजवळ, तिथल्याच शाळेत. ही व्यवस्था तात्पुरती असं ठरलं होतं. किती तात्पुरती, ते ठरलं नव्हतं. पत्रकाचं ऐकून ती म्हणाली, मग ये ना इकडे. तिच्या अपार्टमेंटचं लीज नोव्हेंबरअखेर संपतंय. मी येणार असेन तर मोठं घर बघेल. हे सगळं ती चहाला बोलावल्यासारखं म्हणाली.

मी म्हटलं, नीट विचार करून सांगतो. ती म्हणाली, ते माहितीये मला. तिचा हा विश्वास बरा वाटला.

शनिवार, २४ सप्टेंबर. सकाळी १०.

महत्त्वाची गोष्ट सुचली. माझ्यापुढे दोन निर्णय आहेत, एक लहान, एक मोठा. ऑफिसात आम्ही कधीही थेट मोठ्या कामाला हात घालत नाही. आधी पद्धत लहान भागावर तपासून घेतो. तेव्हा आधी कॉम्प्युटर, मग चँडलर. पद्धत तीच: डिसिजन मॅट्रिक्स. डावीकडे निकष, प्रत्येकाला वजन, वर पर्याय. आकडे भरले की उत्तर आपोआप बाहेर पडतं, भावनांचा घोळ होत नाही.

परवा ऑफिसच्या प्रिंटरवर स्प्रेडशीट छापली होती ते खटकत राहिलं. सोमवारी घरचे कोरे कागद नेऊन ट्रेमध्ये ठेवावेत.

रविवार, २ ऑक्टोबर

मॅट्रिक्सचा निकाल: 'आहे तसा ठेवणे' पहिला. आश्चर्य वाटलं. पण आमची पद्धतच अशी आहे की चालू डिझाइन शून्यावर धरायचं आणि बाकीच्यांना त्याच्याशी ताडायचं, आणि जे माहीत नाही ते धोका म्हणून उणे. कॉम्प्युटर आहे तसा ठेवला तर कॅमेरा चालणार नाही, हा निकष घालायचा राहिला होता. घातला. आता अपग्रेड पुढे आहे, पण थोडक्याने. वजनं पुन्हा तपासली पाहिजेत. मी अपग्रेडच्या बाजूने झुकतोय का? का झुकतोय?

सुनेत्राला ईमेलने पाठवली. तिचं उत्तर एका ओळीचं: वजनं कोणी दिली? कळवलं की मीच दिली, पण तटस्थपणे.

आश्लेषाशी फोनवर बोललो. नव्या शाळेत ती ऑर्केस्ट्रात व्हायोलिनला आहे. म्हणाली, फोनवर वाजवून दाखवणार नाही, साउंड्स टेरिबल, कॅमेरा लागला की दाखवेन. म्हणजे तीही पद्धतशीर आहे. माझ्यावर गेलीय.

रविवार, ९ ऑक्टोबर

निर्णय झाला: अपग्रेड. मेमरी ऑर्डर केली. फार हलकं वाटलं.

त्याच हुरुपात मोठ्या निर्णयाची शीट उघडली. नाव 'चँडलर'. वेळ वाचावा म्हणून कॉम्प्युटरचेच निकष कॉपी केले. बरेचसे लागू पडतात. उष्णता, आवाज, जुन्याशी सुसंगतता, पुढे वाढवण्याची सोय. उष्णतेचं वजन तिकडे वाढवावं लागेल. 'आहे तसा ठेवणे' हा कॉलम आपोआप आला, तो राहू दिला.

बुधवार, १२ ऑक्टोबर. दसरा.

मेमरी नेमकी आजच आली. नागपूरला आईला फोन केला. तिने बजावलं, नवीन काही बसवतोयस तर पूजा करून बसव, हत्यारंच आहेत ती तुमची. झेंडू कुठून आणणार. पण सध्या इथे प्रत्येक ग्रोसरीबाहेर शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या असतात, त्यातली एक आणली. कॉम्प्युटर उघडला, मेमरी बसवली. पूजा झाकण लावण्याआधी करावी की नंतर, यावर विचार केला. आतल्या यंत्राचीच पूजा करायची तर झाकणावर हळदकुंकू वाहणं म्हणजे केवळ उपचार. म्हणून उघड्यावरच केली. हळदकुंकू, फूल, अक्षता. हात जोडले.

सोनं घ्या म्हणायला घरात कोणी नव्हतं. मॉनिटरला म्हणणं बरं दिसलं नसतं.

सुरू केला तेव्हा आतून बारीक खडखड आली. नवीन मेमरी रुळत असावी.

शनिवार, १५ ऑक्टोबर. दुपारी ४.

मेमरी रुळली नाही. कॉम्प्युटर सुरू होऊन लगेच बंद पडतो.

गुरुनाथला बोलावलं. दोन सबडिव्हिजन पलीकडे राहतो, कॉलेजपासूनचा मित्र, स्वतःचे कॉम्प्युटर स्वतः सुटे भाग आणून जोडतो. त्याने झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग बायकोला फोन लावला आणि म्हणाला, प्रतिमा, उल्हासने आत भात लावलाय. अक्षता फॅनमध्ये अडकल्या होत्या, दोनतीन ओल्या कुंकवासकट मदरबोर्डला चिकटल्या होत्या. मी म्हटलं, दसरा होता. तो म्हणाला, लेका, दसरा मीपण केला. बाहेरून.

चिमट्याने तांदूळ वेचून काढले. आम्ही दोघं समोरासमोर बसून, लग्नघरातल्या बायका बसतात तसे. छान गेली दुपार. बऱ्याच दिवसांत घरात एवढं बोलणं झालं नव्हतं. दुरुस्तीनंतरही कॉम्प्युटर कधी चालतो, कधी नाही.

नंतर त्यांच्याकडे जेवायला. प्रतिमाने दुसऱ्यांदा आमटी वाढताना विचारलं, भावजी, तुम्ही जूनपासून एकदा तरी गेलात का तिकडे? मी कामाचं सांगितलं. ती म्हणाली, कॅमेरा ठेवा बाजूला आणि तिकीट काढा, चार तासांत पोचाल. गुरुनाथ म्हणाला, अगं, तो आधी पायलटची मॅट्रिक्स करेल.

येताना विचार केला. प्रतिमाचा हेतू चांगला आहे, पण हा पर्याय तक्त्यात बसत नाही. तिकीट हा एका वेळचा उपाय. कॉम्प्युटर कायमचा.

रविवार, ३० ऑक्टोबर

काल रात्री घड्याळं एक तास मागे घेतली. ॲरिझोनात घेत नाहीत. म्हणजे आमच्यातलं अंतर तीन तासांचं होतं ते दोनवर आलं. काही न करता आम्ही एक तास जवळ आलो. हे आश्लेषाला सांगायचं ठरवून नेहमीच्या वेळी फोन केला, तर आमची नेहमीची वेळ म्हणजे तिकडे आता वेगळी वेळ. ती पोहायला गेली होती. ऑक्टोबरअखेर, उघड्यावर. माझ्याकडे ड्राइव्ह-वेवर पानांचा ढीग आणि पाऊस.

आता पर्याय तीन केले आहेत: मदरबोर्ड बदलणे, नवीन डेस्कटॉप, लॅपटॉप. मॅट्रिक्स नव्याने मांडली. आधीची घाईची होती.

मंगळवार, १ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

प्रतिमाने चकल्या आणि करंज्या पाठवल्या. एक पणती लावली. खिडकीत ठेवावी म्हटलं, मग पडद्याचा विचार करून सिंकजवळ ठेवली.

संध्याकाळी सुनेत्राचा फोन. म्हणाली, ठरलं का काही? मी सविस्तर सांगितलं. मदरबोर्ड बदलायचा तर प्रोसेसर बदलावा लागतो, प्रोसेसर बदलला की पॉवर सप्लाय अपुरा पडतो, म्हणजे जुन्यातलं फक्त खोकं उरतं. तर मग त्याला अपग्रेड म्हणावं का? ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, उल्हास, मी फॉर्मबद्दल विचारत होते.

मी म्हटलं, त्याचा नंबर याच्यानंतर आहे. तिला क्रम समजावून सांगितला. तिने विचारलं, तुला यायचंय का, एवढंच सांग, हो किंवा नाही. मी म्हटलं, असं एका निकषावर कसं ठरवणार. ती म्हणाली, बरं, दिवाळी आहे, जेवून घे नीट. तिची समजूत पटलेली दिसली.

तसं मनात विचारून पाहिलं, मला जायचंय का? उत्तर लगेच आलं. इतक्या लगेच आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवणं योग्य नाही. बाजूला ठेवलं.

रविवार, १३ नोव्हेंबर

आश्लेषाला फोन केला. मागे मुलींचा आवाज होता. गुरुवारी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम झाला म्हणे. मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, आय टोल्ड यू, बाबा. सांगितलं असेल. तेव्हा बहुतेक पॉवर सप्लायचा विचार चालू होता. विचारलं, कसं झालं? गुड. काय वाजवलं? स्टफ. म्हटलं, कॅमेऱ्याचं काम अंतिम टप्प्यात आहे. ती म्हणाली, इट्स ओके, नो रश. समजूतदार आहे.

फोन ठेवल्यावर तिचं वाक्य पुन्हा आठवून पाहिलं. नो रश. सप्टेंबरात ती असं म्हणाली नव्हती.

संकल्प: या आठवड्यात दोन्ही निर्णय. रजा टाकावी लागली तरी चालेल.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.

रजा टाकली नाही. फॉर्म सकाळी भरला, सही केली, बॅगेत ठेवला. 'चँडलर' शीटमध्ये अजून अर्धे रकाने रिकामे होते. तिकडे मला नोकरी मिळेल का, घराचं इथे काय करायचं. रिकामे रकाने ठेवून सही दिली तर उद्या स्वतःलाच काय सांगणार? दुपारी एचआरच्या दारापर्यंत गेलो. आत एक बाई फॉर्म गोळा करत होती. तिने विचारलं, काही मदत हवीय का? मी म्हटलं, नाही, बघत होतो.

पाचला ऑफिस बंद झालं. मी नकार दिला असं म्हणता येणार नाही. फक्त होकार दिला नाही.

सुनेत्राला कळवलं. म्हटलं, निर्णय पुढे ढकलला गेला. ती म्हणाली, नाही उल्हास, झाला. मग आश्लेषाच्या दाताच्या डॉक्टरबद्दल थोडं बोलली.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

जुना कॉम्प्युटर आज सुरूच झाला नाही. ऑफिसातून येताना दुकानात शिरलो, जो लॅपटॉप समोर होता तो उचलला आणि पैसे देऊन बाहेर आलो. मॅट्रिक्समध्ये हे मॉडेल नव्हतंच. आणताना गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला, तर सीटबेल्टची घंटा वाजायला लागली. पट्टा लावला.

गुरुनाथला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, चला, घेतलास ना.

जुन्यातली फुलपाखरं काढता येतील का, ते तो बघणार आहे.

रविवार, ४ डिसेंबर. दुपारी ३.

आज कॅमेरा लागला. पहिल्याच फटक्यात. आश्लेषा दिसली. केस कापलेत. उंच झालीय, किंवा कॅमेरा खालून आहे.

त्यांनी नवं घर भाड्याने घेतलंय, गुरुवारीच सामान हललं. आश्लेषाने लॅपटॉप हातात धरून सगळं घर फिरवून दाखवलं. चित्र थोडं हलत होतं, पण स्पष्ट. स्वयंपाकघर, तिथे सुनेत्रा पाठमोरी, हात हलवून म्हणाली, दिसतंय का रे नीट? म्हटलं, एकदम. मग आश्लेषाची खोली, भिंत जांभळी. मग आईची खोली. पलंग भिंतीला लावून ठेवलेला, एकाच बाजूने उतरता येईल असा. मग तिसरी खोली. नवी चादर, खुर्चीवर घडी केलेले टॉवेल. आश्लेषा म्हणाली, अँड धिस इज द गेस्ट रूम, बाबा, यू कॅन स्टे हिअर.

मी म्हटलं, छान आहे. उजेड चांगला येतो.

व्हायोलिनचं विचारलं. पॅकिंगमध्ये कुठल्यातरी बॉक्समध्ये आहे, सापडलं की दाखवेन म्हणाली.

मग मी विचारलं, माझं चित्र तिकडे कसं दिसतंय? ती म्हणाली, फाइन, पण अंधार आहे तुझ्याकडे, लाइट लाव ना. म्हटलं, लावतो.

लाइट लावलेलाच होता.