पिस्टनचं दुसरं लॉक

आबा, इंजिन चालू झालं. हे आधी सांगून टाकते, नाहीतर मी आपली सगळ्या गावाला वळसा घालून येईन आणि मुद्दा बांधावरच राहील. काल सकाळी तिसऱ्यांदा दोरी ओढली आणि पेटलं. आधी भकाभका धूर काढला, कोंबड्या पळाल्या, मग असं एका लयीत धडधडायला लागलं की मी एकटीच अंगणात उभी राहून टाळ्या वाजवल्या. शेजारीण भिंतीवरनं डोकावली, "काय आजी, कुणाचं लगीन काढलं?" मी म्हटलं, "लगीन न्हवं, बारसं हाय. ये पेढं खायला." पेढे कुठले, गुळाचा खडा दिला. तिनं तो चघळत इंजिनाकडं बघितलं, "लई बोंबलतंय की हे," म्हणाली आणि गेली. पुण्याला लेकाला फोन लावला तर तो म्हणाला, "आई, हात जप हां." आवाज कसा आहे ते कुणी विचारलं नाही. तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं.

इंजिन कुठलं, ते तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट. तुमचे जावई साखर कारखान्याच्या बागेत माळी होते. तिथं हिरवळ कापायला एक बुटका ट्रॅक्टर होता, चार चाकांचा, पण एवढासा, की त्यावर बसलेला माणूस पाटावर जेवायला बसल्यासारखा दिसायचा. तो भंगारात निघाला तेव्हा यांनी घरी आणला. चार-पाच वर्षं शेवंतीच्या वाफ्यांमधनं फिरला, मग बंद पडला, मग हेही गेले. ट्रॅक्टरवर ताडपत्री आणि सीटवर कोंबडी बसली, ती बसलीच. किती पिल्लं निघाली त्या सीटवर! गेल्या उन्हाळ्यात भंगारवाला दारात आला, वजनकाटा घेऊनच. मी बोलून गेले, "थांब, आधी उघडून बघू दे." माझं मलाच नवल वाटलं. पन्नास वर्षांच्या वर झाली, मी पाना हातात धरला नव्हता.

पिस्टनच्या रिंगांसाठी वडगावहून एसटीनं कोल्हापूरला गेले. दुकानातला पोरगेला मालक म्हणतो, "मावशी, घरातल्या गड्यामाणसाला पाठवा, तुमास्नी माप सांगता यायचं न्हाय." मी म्हटलं, "मालक वर गेल्यात, तिकडं फोन लागत न्हाय." आणि पिशवीतनं जुन्या झंपरात गुंडाळलेला पिस्टनच काढून त्याच्या काउंटरवर ठेवला. "ह्यो घे, ह्यालाच इचार माप." हसला बिचारा. चहा पाजला. पिनेची लॉकं दोन हवीत म्हटल्यावर म्हणाला, "चार न्या, उडत्यात." उडतात हे मला कोण सांगतंय, आबा!

तुमचं ते इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप मला अजून वासानं आठवतं. रॉकेल, पत्रा आणि तुमची विडी. चौथीतनं शाळा सुटली आणि तुमचा डबा घेऊन येणारी मी तिथंच रमले. व्हॉल्व्ह घासून नीट बसावा म्हणून त्याला पेस्ट लावायची आणि वर चिकटवलेली काठी दोन तळव्यांत फिरवायची, तर तुमच्या राठ हातांना ते जमेना. मी ताक घुसळायच्या रवीसारखी फिरवली. तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणालात, "बघा, लोणी काढतीया पोरगी." त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगले. आणि तुमची ती रीत. पिस्टनच्या पिनेला दोन्ही टोकांना तारेचं बारीक लॉक, पिन बाहेर सरकू नये म्हणून. बसवणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, "एक बसलं, दोन बसलं." तुम्ही पलीकडनं "बरं" म्हणायचं आणि मगच पिस्टन आत जायचा. एकाचे हात, दुसऱ्याचे कान.

त्या दिवशी तो पाण्याचा इंजिनपंप. मी पहिलं लॉक बसवते. दुसरं पकडीतनं सुटतं, टिंग करतं आणि जातं कुठंतरी. मी भुशात बघते, थाळीत बघते, परकराच्या घोळात बघते. तुम्ही पाठमोरे. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, उद्यापासनं घरी बस, चुलीपाशी. आदल्याच आठवड्यात आत्या तुम्हाला तेच सांगून गेली होती. मी म्हटलं, "एक बसलं, दोन बसलं." तुम्ही म्हणालात, "बरं."

आठवडाभरात इंजिन बैलगाडीतनं परत आलं. पिन सरकून सिलिंडरला नांगरल्यासारखा चर पडला होता. तुम्ही पिस्टन उजेडाला धरून ती रिकामी खाच किती वेळ बघितली. मी कोपऱ्यात. गाडीवाला तोंडाला येईल ते बोलत होता आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "पावणं, चूक माझी हाय. मी बघून घ्याया पायजे हुतं. डोळं गेलं माझं." त्यानंतर तुम्ही पिस्टनला हात लावला नाही. ते काम माझ्या चुलतभावाकडं गेलं आणि तुम्ही खाली बसून रॉकेलच्या थाळीत पार्ट धुवायला लागलात. माझं काम. दीड वर्षानं माझं लग्न झालं. बायकांनी भांडी दिली, आत्यानं पातळ दिलं, तुम्ही ती लॉक बसवायची बारीक पकड कागदात गुंडाळून हातात ठेवली. सासू म्हणाली, "ही काय पद्धत?" मी हसून वेळ मारून नेली. तुम्ही जाईपर्यंत कितीदा माहेरी आले, पण पकड का दिली ते विचारायचा धीर झाला नाही. बाभळीचे काटे काढले तिनं, पोरांच्या चपलांचे खिळे काढले. लॉक कधी नाही.

परवा तिनंच बसवली. एक उडालंच, चार आणली होती म्हणून बरं. पुढचं खाचेत गेलं तसं नखानं तीनदा फिरवून बघितलं. मग रीत म्हणून मोठ्यानं म्हटलं, "एक बसलं, दोन बसलं." आणि थांबले. सीटवरची कोंबडी जरा कुरकुरली. पलीकडनं कुणी काही म्हणालं नाही. तशीच बसून राहिले, पिस्टन मांडीवर, आत घालवेना. शेवटी मीच "बरं" म्हटलं, पण आपलंच "बरं" आपल्याला पुरत नाही, आबा.

काल चालू झाल्यावर तुमच्यासारखाच स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. ठकठक नाही. गोड चाललंय. हा कागद आता सीटखालच्या डब्यात पकडीजवळ ठेवते, तिथनं कुठं जाणार तो? त्यावर कोंबडी बसेल. एवढंच लिहायचं होतं, तर चार पानं झाली. दुसरं लॉक मी बसवलं नव्हतं. तुमचे डोळे चांगले होते.